‘मक्र’ : पुन्हा एकदा ‘ध’चा ‘मा’

दर दोन-तीन महिन्यांनी एक स्क्रीनशॉट फिरून माझ्याकडे येतो. कधी कॉलेजचा जुना मित्र पाठवतो, कधी सोसायटीच्या ग्रुपवर पडतो, कधी एखादा अनोळखी वाचक ‘यावर तुमचं काय म्हणणं?’ असं विचारत पाठवतो. त्यात कुरआनची एक आयत असते, तिच्याखाली इंग्रजी अनुवाद, आणि त्याखाली लाल अक्षरांत मराठी मथळा : ‘यांचा अल्लाह स्वतःच सांगतो की तो सर्वांत मोठा कपटी आहे.’ पुढे निष्कर्ष तयारच असतो. ज्यांचा देव कपटी, त्यांचे भक्त कसे असणार?

मूळ अरबी शब्द आहे ‘मक्र’. तिसऱ्या सूरहच्या 54 व्या आणि आठव्या सूरहच्या 30 व्या आयतीत तो येतो. आशय थोडक्यात असा की त्यांनी मक्र केला, अल्लाहनेही मक्र केला, आणि मक्र करणाऱ्यांत अल्लाह सर्वोत्तम आहे. आमचे काही बंधू हा स्क्रीनशॉट पाहिला की संतापतात, काही गप्प बसतात, आणि काही घाईघाईने ‘अनुवाद चुकीचा आहे’ एवढंच लिहून मोकळे होतात. मला या तिन्हींपैकी काहीच पुरेसं वाटत नाही. आरोप शब्दावर आहे, तर शब्दाचाच हिशेब मांडला पाहिजे. आणि तो मांडताना आपल्या घरातल्या लोकांनी या शब्दाचं काय करून ठेवलं आहे, तेही बोललं पाहिजे. ते मी शेवटी बोलणार आहे. फक्त पहिला भाग वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांनी थोडं थांबावं.

आधी भाषेची गंमत पाहा. मराठीत शेकडो अरबी शब्द आले आणि आले तेव्हा आपला अर्थ वेशीबाहेर ठेवून आले. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, परदेशी माणूस. आपल्याकडे तो निर्धन झाला. अरबीत ‘फाजिल’ म्हणजे विद्वान, श्रेष्ठ. मराठीत ‘फाजील आत्मविश्वास’ म्हटलं की कुणालाही तो श्रेष्ठ वाटत नाही. ‘जालिम’ म्हणजे अत्याचारी, पण आपण ‘खोकल्यावर जालीम औषध’ असं कौतुकाने म्हणतो. सगळ्यात सुंदर उदाहरण ‘खलबत’. मूळ अरबी ‘खल्वत’ म्हणजे एकांत. सूफी साधक जगापासून दूर बसून ईशचिंतन करतो ती खल्वत. मराठीत तिचा खलबतखाना झाला, आणि आता बातमीत ‘रात्री उशिरापर्यंत खलबतं चालली होती’ असं आलं की आपल्याला आमदारांची फोडाफोडी दिसते. तिकडची साधना, इकडचं सत्ताकारण. आता कुणी मराठी वर्तमानपत्र हातात घेऊन एखाद्या सूफीला म्हणाला की ‘तुम्ही खलबतं करता हे तुमच्याच पुस्तकात लिहिलंय’, तर आपण त्याला काय म्हणू?

‘मक्र’चं नेमकं हेच झालं आहे. उर्दू-हिंदीत ‘मक्र’ म्हणजे फसवेगिरी आणि ‘मक्कार’ म्हणजे तर शिवीच. हिंदी सिनेमा पाहून मोठा झालेला माणूस अरबी आयतीत हा शब्द ऐकतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे मिशीला पीळ देणारा खलनायक उभा राहतो. पण कुरआन मुंबईच्या सिनेमाच्या भाषेत उतरलेला नाही. कुरआनच्या शब्दांचा कोश रचणारे रागिब इस्फहानी यांनी ‘मक्र’ची व्याख्या केली ती अशी : एखाद्याला त्याच्या हेतूपासून युक्तीने परावृत्त करणं. आणि लगेच सांगितलं की हा दोन प्रकारचा असतो, स्तुत्य आणि निंद्य. चांगल्या हेतूने केला तर स्तुत्य, वाईट हेतूने केला तर निंद्य. ही काही आजच्या टीकेला उत्तर म्हणून शोधलेली पळवाट नव्हे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा हा कोश आहे. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं.

कोश बाजूला ठेवा. खुद्द कुरआनच याचा पुरावा देतो. 35 व्या सूरहच्या 43 व्या आयतीत ‘वाईट मक्र’ असा शब्दप्रयोग आहे, आणि तो करणाऱ्यावरच उलटतो असं म्हटलं आहे. शब्द मुळातच वाईट असता, तर त्याच्या मागे ‘वाईट’ हे विशेषण लावायची काय गरज होती? आपण ‘वाईट खून’ किंवा ‘वाईट चोरी’ म्हणत नाही. ‘वाईट सल्ला’, ‘वाईट बेत’ म्हणतो, कारण सल्ला आणि बेत चांगलाही असू शकतो.

दुसरी गोष्ट, एकाच वाक्यात एकच शब्द दोघांसाठी का वापरला? प्रत्येक भाषेत ही लकब असते. एखादा उर्मट पोरगा गल्लीतल्या म्हाताऱ्याला शहाणपण शिकवू लागला की म्हातारा म्हणतो, ‘थांब, तुला शहाणपण शिकवतो.’ शब्द तोच, पण पोराचं शहाणपण म्हणजे आगाऊपणा आणि म्हाताऱ्याचं शहाणपण म्हणजे काठी. अरबी अलंकारशास्त्रात याला ‘मुशाकला’ म्हणतात : शेजारच्या शब्दाचं रूप घेऊन आलेला शब्द. कुरआनमध्येच दुसरीकडे वाईटाचा बदला तेवढंच वाईट, असा प्रयोग आहे. तिथे न्यायाने दिलेल्या शिक्षेलाही गुन्ह्याचंच नाव दिलं आहे. म्हणून न्यायाधीश गुन्हेगार ठरत नाही.

इंग्रजी अनुवादकांची इथे फाटाफूट झाली आहे. पिकथॉल यांनी दोन्हीकडे एकच शब्द ठेवला, इंग्रजीतला ‘स्कीम’. अब्दुल्ला युसूफ अली यांनी विरोधकांचा कट आणि अल्लाहची योजना असे शब्द वेगळे करून घेतले. स्क्रीनशॉटमध्ये कुठला अनुवाद असतो, हे सांगायला नको. माझ्यापुरतं सांगायचं तर मला युसूफ अलींची सोयही फारशी पटत नाही. मूळ अरबीत शब्द एकच आहे, तर वाचकालाही तो टोला जाणवला पाहिजे. मग मराठीत काय लिहावं? ‘कट’ नको, त्याला कोर्टाचा वास येतो. ‘कारस्थान’ नको. ‘योजना’ म्हटलं की घरकुल योजना आठवते. मला विचाराल तर मराठीत याला एकच शब्द आहे : ‘डाव’. त्यांनी डाव टाकला, अल्लाहनेही डाव टाकला. कोल्हापूरच्या मातीत दोन मल्ल उतरतात, एक धोबीपछाड मारायला जातो, दुसरा तो डाव त्याच्यावरच उलटवतो. आखाड्याभोवतीचं कुणी त्याला कपटी म्हणत नाही. म्हणतात, ‘वा, काय डाव टाकला!’ डाव कुणावर, कशासाठी टाकला, यावर त्याची प्रत ठरते. अरबी ‘मक्र’ची जागा जवळजवळ हीच आहे.

पण शब्दावर किती बोललं, तरी प्रसंग सांगितल्याशिवाय आयत उघडत नाही. स्क्रीनशॉटमध्ये नेमका प्रसंगच कापलेला असतो. आठव्या सूरहची ती 30 वी आयत पूर्ण वाचली तर तिथेच लिहिलं आहे की विरोधक तीन गोष्टींचा विचार करत होते : पैगंबरांना (स.) कैद करायचं, ठार मारायचं, की हद्दपार करायचं.

इसवी सन 622. मक्केत कुरैश सरदारांचं सभागृह होतं, ‘दारुन्नदवा’. तिथे ही बैठक भरली. तेरा वर्षं एका माणसाची टिंगल करून झाली, त्याच्या अनुयायांना तापलेल्या वाळूवर टाकून झालं, त्याच्या कुटुंबावर बहिष्कार घालून झाला. तरी माणूस गप्प बसेना. मग अबू जहलने युक्ती काढली. प्रत्येक कबिल्यातून एकेक तरुण निवडायचा, सगळ्यांनी मिळून एकाच वेळी वार करायचे, म्हणजे खुनाचा दोष सगळ्या कबिल्यांत वाटला जाईल आणि पैगंबरांचे नातलग सगळ्यांशी लढू शकणार नाहीत, मुकाट्याने भरपाई घेतील. जमावाने मारलं की खुनी कुणीच नसतो. ही कल्पना किती जुनी आहे पाहा!

याला कुरआन ‘त्यांचा मक्र’ म्हणतो. आणि ‘अल्लाहचा मक्र’ कुठला? त्या रात्री पैगंबरांच्या (स.) बिछान्यावर त्यांची हिरवी चादर पांघरून हजरत अली (रजि.) झोपले. बाहेर तलवारी घेऊन उभ्या असलेल्यांना वाटलं, माणूस आत आहे. माणूस कधीच निघून गेला होता.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटली का? वाटलीच पाहिजे. आपण सगळे ती चौथीत शिकलो आहोत. 1666 साल, आग्रा, औरंगजेबाचा पहारा. मिठाईचे पेटारे. आणि बिछान्यावर महाराजांची शाल पांघरून, अंगठी घातलेला हात बाहेर ठेवून झोपलेले हिरोजी फर्जंद. साम्य इथेच संपत नाही. मदीना मक्केच्या उत्तरेला आहे, पण पैगंबर (स.) आधी दक्षिणेला सौर पर्वताच्या गुहेत गेले, कारण पाठलाग करणारे उत्तरेचाच रस्ता धरणार. महाराजांनीही आग्र्याहून सरळ दख्खनची वाट धरली नाही, आधी मथुरेच्या बाजूला गेले, असं बखरी आणि इतिहासकार सांगतात. मी दोन व्यक्तींची तुलना करत नाही, त्या वादात मला ओढू नका. मी फक्त शब्दाची तुलना करतो आहे. आग्र्याच्या त्या रात्रीला मराठी माणूस काय म्हणतो? फसवणूक? कपट? छाती फुगवून म्हणतो, ‘औरंगजेबाच्या हातावर तुरी दिल्या.’ ती अभिमानाची भाषा आहे आणि योग्य आहे. जिवावर उठलेल्याच्या डोळ्यांत धूळ फेकून निरपराध माणूस निसटला, तर त्याला कपट म्हणणारा पहारेकऱ्याच्या बाजूचा असतो.

‘गनिमी कावा’ हा शब्दच घ्या. ‘गनीम’ अरबी, अर्थ शत्रू. मोगली कागदांत मराठ्यांना गनीम म्हटलेलं आहे. ‘कावा’ म्हणजे घोडा गोल फिरवणं, सरळ न जाता वळसा घेणं. त्यावरून हुलकावणी. शत्रूने हिणवून ठेवलेलं नाव मराठीने दागिन्यासारखं अंगावर घातलं. हीच युद्धरीत मलिक अंबरने महाराजांच्या आधी दख्खनच्या डोंगरांत वापरली होती. किंवा ‘कारस्थान’ घ्या. शेजारणीने केलं तर वाईट, पण नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबाला गादीवरून दूर ठेवण्यासाठी नाना फडणीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी केलं तर ते ‘बारभाईंचं कारस्थान’, आणि इतिहासाच्या पुस्तकात तो मराठी मुत्सद्देगिरीचा धडा. मला तो धडा आवडतो. श्रीकृष्णाच्या युक्त्यांना ‘कृष्णनीती’ म्हणतात, तेही मला कळतं. भक्त त्याला प्रेमाने चोर म्हणतात म्हणून कुणी त्यावरून हिंदू समाजाच्या प्रामाणिकपणाबद्दल निष्कर्ष काढू लागला, तर मी त्याला मूर्ख म्हणेन. माझी मागणी एवढीच आहे की जी समज आपण नानांच्या शब्दाला, कृष्णाच्या शब्दाला आणि आखाड्यातल्या मल्लाच्या शब्दाला देतो, ती कुरआनच्या शब्दालाही द्या. नारायणरावाच्याच प्रकरणात ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं अशी कथा आहे, आणि तेव्हापासून ‘ध चा मा करणे’ ही म्हण आपल्याकडे आहे. स्क्रीनशॉट बनवणारा त्याच घराण्यातला.

एक तपशील मात्र या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मक्केचे लोक आपल्या मौल्यवान वस्तू पैगंबरांकडे (स.) ठेव म्हणून ठेवत. धर्म मानत नव्हते, पण माणूस ‘अमीन’ आहे, ठेव बुडवणार नाही, हे मानत होते. खुनाचा बेत करणाऱ्या त्याच शहराच्या ठेवी त्या रात्री त्या घरात होत्या. ‘सर्वांत मोठ्या कपटी’चा प्रेषित काय करेल? ठेवी उंटावर लादून नेईल. झालं असं की हजरत अलींना (रजि.) मागे ठेवलं ते केवळ बिछान्यावर झोपायला नव्हे. ते तीन दिवस मक्केत थांबले, एकेकाची ठेव ज्याची त्याला परत केली, आणि मग मदीनेच्या वाटेला लागले. जीव वाचवायला हुलकावणी, पण शत्रूच्या पैशाला हात नाही. मक्र आणि कपट यांतला फरक याहून स्पष्ट कसा सांगायचा, मला कळत नाही.

कुरआनमधले मक्र करणारे लोक कोण आहेत, हेही पाहण्यासारखं आहे. हजरत सालेह (अ.) यांच्या नगरातले नऊ दांडगे रात्री त्यांच्या घरावर हल्ला करायचं ठरवतात, आणि नातलगांना काय सांगायचं तेही ठरवतात : ‘आम्ही तिथे नव्हतोच.’ हजरत यूसुफ (अ.) यांचे भाऊ, धाकट्याला विहिरीत टाकणारे. सहाव्या सूरहच्या 123 व्या आयतीत तर सरळ म्हटलं आहे की प्रत्येक वस्तीतले बडे गुन्हेगार मक्र करतात. म्हणजे वस्तीतले बडे, सत्तेतले, ज्यांच्याकडे माणसं आणि तलवारी आहेत ते. स्क्रीनशॉटने हे चित्र उलटं केलं. आज ‘कारस्थानी’ कोण, तर गोवंडीतला फळवाला आणि भिवंडीतला कामगार. त्याने प्रेमात पडावं तर ‘लव्ह जिहाद’, घर घ्यावं तर ‘लँड जिहाद’, 2024 च्या निवडणुकीत मत दिलं तर ‘व्होट जिहाद’. ज्या शब्दाचा अर्थ कसोशीचा प्रयत्न, तो मराठीत कारस्थानाचा प्रत्यय बनला आहे, कुठल्याही नामाला लावा. सोबतीला ‘तकिया’ आहेच. जिवावर बेतलं असता श्रद्धा लपवण्याची सवलत, एवढाच ज्याचा अर्थ, तो आता आमच्या प्रत्येक वाक्यावर डकवला जातो. (आम्हा मराठी माणसांना तक्या म्हटलं की लोड-तक्याच आठवतो, पण असो.)

या शब्दांचा खरा उपयोग कुठे आहे, ते ओळखा. आयतीचा अर्थ शोधण्यात त्यांना रस नाही. मी शांततेबद्दल बोललो तर मक्र, शेजाऱ्याच्या मुलाच्या लग्नात वाढायला उभा राहिलो तर मक्र, पुरात मदत केली तर तकिया. एकदा हा शिक्का बसला की माझ्या चांगल्या वागण्याचाही माझ्याविरुद्धचा पुरावा होतो. कायद्यालाही ‘कट’ सिद्ध करायला दोन माणसांची संगनमताची कबुली किंवा पुरावा लागतो. स्क्रीनशॉटला काहीच लागत नाही.

आता घरातलं.

आपल्या बैठकांत, चहाच्या टपरीवर आणि कधी कधी मिंबरवरूनही एक शब्द सतत कानावर येतो : ‘साजिश’. फारसीत याचा अर्थ जुळवून घेणं, तडजोड असा आहे. इराणी माणूस आजही त्याच अर्थाने वापरतो. आपण त्याचं षड्यंत्र केलं. आणि मग पोरगं दहावीत नापास झालं, साजिश. वस्तीत कचऱ्याची गाडी येत नाही, साजिश. पोलिओचे थेंब, साजिश. वक्फच्या जमिनीचे कागद मुतवल्लीनेच गहाळ केले, तरी साजिश बाहेरच्यांचीच. आणि या सगळ्यावर शेवटी तीच आयत : त्यांना डाव टाकू द्या, अल्लाहचा डाव मोठा आहे. असं म्हणायचं आणि चहा संपवून घरी जायचं.

साजिशी होत नाहीत असं मी म्हणत नाही. मालेगावात 8 सप्टेंबर 2006 ला, शब-ए-बारातला बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. मेलेले आपले आणि पकडलेलेही आपलेच. त्या तरुणांना दोषमुक्त व्हायला 2016 उजाडलं. ज्यांच्या घरात हे घडलं त्यांना ‘संशय घेऊ नका’ असं सांगायचा अधिकार मला नाही. पण ते सुटले कसे, हे विचारायचा अधिकार आहे. वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा, वकिलांनी केलेला कागदांचा अभ्यास, घरातल्या बायकांनी पोट मारून चालवलेले संसार, यांतून ते सुटले. टपरीवर आयत म्हणून कुणी सुटलं नाही.

दुसऱ्या बाजूला 2022 च्या अखेरीचा मुंबईतला गोवर. सुरुवात गोवंडीच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतून झाली, मुलं दगावली. लस न मिळालेली मुलं तिथे मोठ्या संख्येने होती. याला करोनाकाळात विस्कटलेलं लसीकरण जबाबदार होतं, आरोग्यसेवा तोकडी होती, हे खरं. पण दारात आलेल्या आशाताईला ‘इंजेक्शनने पोरं वांझ होतात’ म्हणून परत पाठवणारे कोण होते? ती अफवा ज्याने पहिल्यांदा सोडली त्याचा मक्र मोठा, आणि तो आपल्यावर यशस्वी झाला. साजिश ओळखण्यात आपण स्वतःला एवढे तज्ज्ञ समजतो, पण खरी साजिश घरात शिरली तेव्हा आपण तिला चहा पाजला.

सातव्या सूरहची 99 वी आयत आपल्या व्याख्यानांत मला कधी ऐकू येत नाही. तिथेही ‘अल्लाहचा मक्र’ हेच शब्द आहेत. पण तिथे तो शत्रूंच्या कटाला दिलेलं उत्तर नाही. जे लोक निर्धास्त झोपले आहेत, आपल्याला काही होणार नाही असं धरून चालले आहेत, त्यांना तो इशारा आहे. अल्लाहच्या मक्रबाबत निर्धास्त राहणारे तोट्यातले लोक असतात, असा तिथला आशय. आपण मात्र आठव्या सूरहमधला मक्र दिलाशासाठी पाठ केला आणि सातव्यातला सोडून दिला.

आणि आठव्यातला तरी नीट वाचला का? ‘अल्लाहचा डाव’ त्या रात्री आकाशातून वीज पडून पार पडला नाही. त्याचा तपशील सीरतच्या प्रत्येक पुस्तकात आहे, आपण तो मिलादच्या जलशात चालीवर म्हणतो आणि विसरतो. दोन उंटिणी आधीपासून चारून तयार ठेवल्या होत्या. त्यांतली एक हजरत अबू बक्र (रजि.) भेट म्हणून देत होते, पैगंबरांनी (स.) ती किंमत ठरवूनच घेतली. तीन रात्री गुहेत काढल्या. अबू बक्र यांचा मुलगा अब्दुल्ला दिवसभर मक्केत फिरून शत्रूंचं बोलणं ऐकायचा आणि अंधार पडल्यावर बातम्या घेऊन यायचा. मुलगी अस्मा जेवण पोहोचवायची. बांधायला काही मिळालं नाही तेव्हा तिने कमरपट्टा फाडून शिदोरी बांधली. आमिर बिन फुहैरा नावाचा मुक्त झालेला गुलाम शेळ्या चारत यायचा, दूध द्यायचा आणि कळप त्याच वाटेने परत न्यायचा म्हणजे पावलांचे ठसे पुसले जावेत. कुठला मोर्चा नाही, कुठली घोषणा नाही. एक तरुण, एक बाई, एक मेंढपाळ, आणि प्रत्येकाला नेमून दिलेलं काम. ज्याला आपण अल्लाहचा मक्र म्हणतो तो या माणसांच्या हातांनी झाला.

एक माणूस सांगायचा राहिला, वाटाड्या. अब्दुल्ला बिन उरैकित. वाळवंटातल्या आडवाटा त्याला तोंडपाठ होत्या. उंटिणी त्याच्याच ताब्यात आधी देऊन ठेवल्या होत्या, तीन रात्रींनी गुहेपाशी घेऊन ये म्हणून. पैगंबरांवर शंभर उंटांचं बक्षीस लागलं होतं, आणि ते कुठे लपले आहेत हे त्या माणसाला ठाऊक होतं. तो मुसलमान नव्हता. कुरैशांचाच मूर्तिपूजक धर्म पाळणारा होता. भोवती खुनाचा कट असताना पैगंबरांनी (स.) आपला जीव, आपल्या सोबत्याचा जीव आणि सगळ्या पुढच्या इतिहासाचा रस्ता एका बिगरमुस्लिम माणसाच्या हाती दिला, कारण तो कामात वाकबगार होता आणि शब्दाला पक्का होता. त्याने त्यांना मदीनेला पोहोचवलं.

आज आपल्या मशिदीच्या कमिटीसमोर त्याचं नाव आलं असतं, तर किती जणांनी ‘याच्यात काहीतरी साजिश आहे’ म्हणून हात वर केले असते?